तुपाचा अपराध

आमच्या डोंबिवलीच्या घरी दिवाळीत सगळा फराळ होई. बेसनाचे लाडू तेवढे होत नसत. माझे वडील मुंबईत कारकून होते. मी शाळेत असताना, वयाच्या ५२व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले. आपल्याच हातच्या तुपाने त्यांचा घात केला, असे आईच्या मनाने जे घेतले ते कायमचे. म्हणून मी या रोगाचा इतिहास वाचू लागलो. मी डॉक्टर नव्हे, साधा मास्तर; समजले तसे सांगतो.

१९४८ साली अमेरिकेत, बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावी, ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. आधी माणसे तपासून ठेवायची आणि पुढे कोणास काय होते ते वर्षानुवर्षे पाहायचे, अशी तिची रीत. वाढता रक्तदाब, रक्तातले कोलेस्टेरॉल, सिगारेट हे गुन्हेगार तिथे एकेक करून हाती लागले. १९५३ साली लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दाखवले, की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हा रोग कमी होतो.

आता आपल्या आगगाडीकडे वळू. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या अकरा लाखांहून अधिक रेल्वे-नोकरांतील १९५८ ते १९६२ पर्यंतचे मृत्यू तपासले. १९६७ साली निष्कर्ष छापून आले, ते चकित करणारे होते. दक्षिणेत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण उत्तरेच्या सुमारे सातपट; आणि दूधतूप अधिक खाणारे तर उत्तरेकडचे! सारा दोष एकट्या तुपाचा असता, तर आकडे उलटे पडायला हवे होते.

यावरून तूप निर्दोष ठरले असे मात्र कोणी समजू नये. दोन प्रांतांत ताटाखेरीज इतरही शंभर भेद असतात. धडा एवढाच, की हा रोग एकट्यादुकट्याचे काम नव्हे, टोळीचे आहे. २००४ साली ५२ देशांच्या पाहणीतही तेच दिसले: तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनाचा ताण, भाजीफळांची वाण, व्यायामाचा अभाव. त्याच पाहणीत असेही आढळले, की आपल्या दक्षिण आशियातील माणसास पहिला झटका इतरांहून सरासरी सहा वर्षे आधी येतो.

वडील दिवसभर खुर्चीत बसत, सिगारेटी ओढत. गाडीची दगदग रोजचीच.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “त्यांचं ब्लडप्रेशर कधी कुणी तपासलंच नव्हतं का रे?”

“नाही, आई.”

यंदा तिने बेसन भाजायला घेतले आहे. वाचकहो, लाडू बेताने खा; पण दिवाळी सरताच घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि स्वतःचाही रक्तदाब तपासून घ्या.