हंबकर पिकअप : निवड व जोडणी

हंबकर पिकअप हा इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा, दोन कॉइलींचा चुंबकीय पिकअप होय. एका कॉइलच्या पिकअपमध्ये वीजपुरवठ्यातून शिरणारी घरघर यात जवळजवळ नाहीशी होते आणि स्वर अधिक भरदार येतो. गिटारमधील मूळ पिकअप काढून दुसरा बसवता येतो. मात्र पिकअपचा आवाज त्याच्या एकट्याचा नसतो. पोटेन्शिओमीटर, कॅपॅसिटर आणि केबल मिळून होणाऱ्या संपूर्ण मंडलाचा तो आवाज असतो, त्यामुळे निवड व जोडणी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

इतिहास : गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला, पेटंट 1959 मध्ये मंजूर झाले. त्याच सुमारास रे बट्स यांनी ग्रेच गिटारसाठी ‘फिल्टरट्रॉन’ हा दोन कॉइलींचा पिकअप स्वतंत्रपणे तयार केला. गिब्सनच्या ‘लेस पॉल’ गिटारवर हंबकर 1957 पासून बसू लागले. पेटंट प्रलंबित असल्याची चिठ्ठी तळाला चिकटवलेले त्या काळातील पिकअप ‘पॅफ’ म्हणून ओळखले जातात आणि आजही अनेक उत्पादक त्यांच्याच नमुन्यावर पिकअप बनवतात. जुन्या गिटारमध्ये बदलून बसवण्यासाठी स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या पिकअपची बाजारपेठ 1970 च्या दशकात उभी राहिली. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणि सेमूर डंकन यांच्या कंपनीचे पिकअप हे तिचे आद्य टप्पे होत.

कार्यतत्त्व : चुंबकाच्या क्षेत्रात तार कंप पावली की कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि तिच्यात विद्युत दाब निर्माण होतो. हंबकरमधील दोन कॉइलींना एकाच पट्टी-चुंबकाचे विरुद्ध ध्रुव लाभतात आणि दोन्ही कॉइली विद्युतदृष्ट्या उलट दिशेने जोडलेल्या असतात. तारेचा संकेत असा दोनदा उलटतो, म्हणून दोन्ही कॉइलींचे संकेत एकमेकांत मिळवले जातात. बाहेरून येणाऱ्या घरघरीला चुंबकाच्या ध्रुवांशी देणेघेणे नसते. ती एकदाच उलटते आणि वजा होते. भारतात ही घरघर 50 हर्ट्झ व तिच्या पटीतील वारंवारतांची, तर अमेरिकेत 60 हर्ट्झच्या पटीतील असते.

निवड : जाहिरातीत बहुधा पिकअपचा रोध ठळकपणे दिलेला असतो. पॅफ पद्धतीच्या पिकअपमध्ये 42 गेजच्या, सुमारे 0.063 मिमी जाडीच्या तारेचे प्रत्येक कॉइलवर जवळपास 5,000 वेढे असतात आणि एकूण रोध साधारण 7.5 ते 8.5 किलोओहम भरतो. जोरकस पिकअपमध्ये तो 13 ते 16 किलोओहमपर्यंत जातो. तथापि रोध म्हणजे ताकद नव्हे. वेढे तितकेच ठेवून केवळ बारीक तार वापरली तरी रोध वाढतो, संकेत मात्र वाढत नाही. म्हणून एकाच जाडीच्या तारेचे पिकअप असतील तरच रोधाची तुलना उपयोगी ठरते.

स्वराचा पोत समजण्यासाठी कॉइलची प्रवर्तकता अधिक भरवशाची असते. कॉइल आणि केबलची धारिता मिळून एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदन होते. तेथे संकेत उठून दिसतो आणि त्यापुढे झपाट्याने उतरतो. पिकअपची प्रवर्तकता 4.5 हेन्री आणि केबलसह एकूण धारिता 600 पिकोफॅरड असेल, तर हे शिखर सुमारे 3,000 हर्ट्झवर येते. तीच केबल 8 हेन्रीच्या पिकअपला लावली की ते सुमारे 2,300 हर्ट्झपर्यंत खाली सरकते. जास्त वेढ्यांचा पिकअप अँप्लिफायरला लवकर विकृतीकडे नेतो, पण तारांची लकाकी कमी करतो, ते याच कारणाने.

चुंबकांमध्ये अल्निको 2 मवाळ व मोकळ्या स्वरासाठी, अल्निको 5 अधिक ठाशीव खर्ज व झळाळीसाठी, तर सिरॅमिक चुंबक जोरकस पिकअपसाठी वापरला जातो. ब्रिजजवळ तारांचे कंपन लहान असते, म्हणून तेथे अधिक वेढ्यांचा आणि नेकजवळ कमी वेढ्यांचा पिकअप बसवल्यास दोन्हींची पातळी जुळते. पिकअपच्या ध्रुवांतील अंतरही पाहावे लागते. गिब्सन पद्धतीत पहिल्या व सहाव्या ध्रुवातील अंतर सुमारे 49 ते 50 मिमी असते. फेंडर पद्धतीच्या रुंद ब्रिजला 52 ते 53 मिमीचा पिकअप लागतो. मोठ्या आवाजात वाजवताना शिट्टी येऊ नये म्हणून मेणात बुडवून घट्ट केलेल्या कॉइली उपयोगी पडतात.

मंडलातील घटक : हंबकरसाठी 500 किलोओहमचे व्हॉल्यूम आणि टोन पोटेन्शिओमीटर व 0.022 मायक्रोफॅरडचा टोन कॅपॅसिटर ही रूढ जोडी आहे. 250 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर अनुस्पंदनाचे शिखर दाबतो आणि आवाज मंद करतो. अतितीव्र वाटणाऱ्या पिकअपला तो मुद्दामही लावतात. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय पिकअपना सामान्यतः 25 किलोओहमचे पोटेन्शिओमीटर लागतात, म्हणून निष्क्रिय व सक्रिय पिकअप एकाच मंडलात सहजी जुळत नाहीत.

जोडणी : चार वाहकांच्या पिकअपमध्ये प्रत्येक कॉइलची दोन टोके बाहेर काढलेली असतात आणि पाचवी उघडी तार आवरणाची असते. रंगांचे संकेत उत्पादकागणिक बदलतात. सेमूर डंकनच्या पद्धतीत काळी तार संकेताची, पांढरी व लाल एकमेकींना जोडायच्या आणि हिरवी व उघडी तार अर्थला. डिमार्झिओच्या पद्धतीत लाल संकेताची, काळी व पांढरी एकत्र आणि हिरवी व उघडी अर्थला जाते. रंगांवर विसंबण्याआधी मल्टिमीटरने कॉइलींच्या जोड्या शोधणे श्रेयस्कर. 8 किलोओहमच्या पिकअपमध्ये प्रत्येक जोडी सुमारे 4 किलोओहम दाखवते. वेगवेगळ्या कॉइलींच्या टोकांमध्ये काहीच वाचन येत नाही.

कॉइली एकसर जोडल्यास हंबकरचा पूर्ण स्वर मिळतो. समांतर जोडल्यास रोध एक चतुर्थांश होतो. आवाज हलका व स्वच्छ येतो आणि घरघर दबलेलीच राहते. कॉइल विभागणीसाठी पुश-पुल पोटेन्शिओमीटरने मधला सांधा अर्थला जोडतात. डंकनच्या रंगपद्धतीत त्यामुळे लाल-हिरवी कॉइल बाद होऊन काळी-पांढरी चालू राहते, आणि एकच कॉइल उरल्याने घरघर परतते.

डाख देताना रोझिनयुक्त डाख वापरतात. पोटेन्शिओमीटरचे धातूचे पाठपत्र उष्णता शोषून घेते, म्हणून ते आधी घासून डाखाचा पातळ थर चढवतात आणि मग तार टेकवतात. दुबळा आयर्न फार वेळ धरून ठेवल्यास आतील पट्टी बिघडते. पुरेसा तापलेला आयर्न थोडाच वेळ टेकवणे सुरक्षित. ब्रिजकडून येणारी अर्थची तार पुन्हा जोडलीच पाहिजे, अन्यथा तारांना हात लावला तरी घरघर थांबत नाही.

कलेची चाचणी : दोन उत्पादकांचे पिकअप एकत्र लावताना त्यांची कला (फेज) जुळलेली असावी लागते. काट्याचा मल्टिमीटर पिकअपला जोडून ध्रुवांवर पोलादी स्क्रूड्रायव्हर टेकवला की काटा एका बाजूला हलतो. दोन्ही पिकअपना तो एकाच बाजूला हलायला हवा. विरुद्ध कलेत दोन्ही एकदम चालू केल्यास खर्ज हरपून नाकातला, पातळ आवाज येतो. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या 1959 च्या लेस पॉलचा प्रसिद्ध स्वर नेक-पिकअपमधील उलट्या चुंबकामुळे असाच घडला. चार वाहकांच्या पिकअपमध्ये संकेत व अर्थ यांच्या तारा अदलाबदल करून दोष दूर होतो. उघडी तार मात्र अर्थलाच ठेवायची. एकाच वाहकाच्या विणीव आवरणाच्या पिकअपमध्ये ही अदलाबदल केल्यास आवरणच संकेतवाहक होते, म्हणून तेथे चुंबक उलटवतात.

अखेरची जुळणी : तारा चढवण्यापूर्वी जॅकमध्ये केबल घालून तिच्या दुसऱ्या टोकाला रोध मोजतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना 8 किलोओहमचा पिकअप तेथे सुमारे 7.9 किलोओहम दाखवतो, कारण 500 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर त्याला समांतर येतो. शून्य वाचन म्हणजे कुठेतरी संकेत अर्थला टेकला आहे. वाचनच न येणे म्हणजे सांधा सुटला आहे. तारा चढवल्यावर त्या शेवटच्या पडद्यावर दाबून उंची लावतात : ब्रिजजवळ सुमारे 1.6 मिमी आणि नेकजवळ सुमारे 2.4 मिमी हे प्रारंभीचे अंतर मानले जाते. पिकअप फार जवळ आणल्यास चुंबकाच्या ओढीने स्वराची लांबी घटते, फार दूर नेल्यास संकेत क्षीण होतो. दोन्ही पिकअपची पातळी कानाला सारखी वाटेपर्यंत उंची थोडीथोडी बदलतात आणि शेवटी ध्रुवांच्या स्क्रूंनी एकेका तारेचा समतोल साधतात.