काठमांडूहून पुढे

पालि वाङ्मयात पंचेंद्रियांची गणना सद्धेपासून सुरू होते व तिच्यामागोमाग विरिय येते. धर्मानंद कोसंबींच्या चरित्रात हा क्रम आम्हांस स्पष्ट दिसतो.

१८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद १८९९ च्या अखेरीस ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडले. शालेय शिक्षण जेमतेम होते. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी राहिल्या. आमच्या वाचनातील चरित्रांत बाळाबाईंच्या त्या वर्षांची नोंद ओझरतीच आहे, हे आम्हांस खटकते. पुढे काशीत अन्नछत्रातील जेवणावर त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. धम्म जिवंत असेल या आशेने १९०२ मध्ये ते नेपाळात गेले आणि तेथील अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. परत फिरण्यास याहून सबळ कारण ते कोणते? परंतु ते बोधगयेस गेले, व त्याच वर्षी सिंहलद्वीपास पोहोचून विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पालि शिकू लागले.

खरी कसोटी पुढेच होती. हार्वर्ड विद्यापीठात वॉरेन यांचे ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० मध्ये तेथे गेले. संपादक म्हणून नाव कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी वाद झाला व ते परतले. तरीही त्याच ग्रंथासाठी ते पुन्हा अमेरिकेस गेले. मुंबईत त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली. हार्वर्डची मात्र १९५० मध्ये. धर्मानंदांचे निधन १९४७ च्या जूनमध्येच सेवाग्राम येथे झाले होते. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक वॉरेन आहेत, कोसंबी संशोधक.