बुचाच्या खोलीतील कादंबरीकार

१/ पॅरिस, १९१०. बुलव्हार ओसमानवरील १०२ क्रमांकाच्या इमारतीत एका शयनगृहाच्या भिंतींना बुचाचे तक्ते बसवले गेले. रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये, हा हेतू. तेथे राहत होते मार्सेल प्रूस्त.

२/ नवव्या वर्षी दम्याचा पहिला झटका आला आणि श्वास कायमचा बेभरवशाचा झाला. परागकण, धूळ, अत्तर, सारेच वैरी. म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दिवसा झोप, रात्री लेखन.

३/ घराची घडी सेविका सेलेस्त आल्बारे सांभाळी. पाहुण्यांनी अत्तर लावून येऊ नये, असा दंडक होता. औषधी धुरीचे चूर्णही मेणबत्तीवर पेटवत. आगकाडीतील गंधकाचा वास त्यांना सोसत नसे.

४/ १९१३ साली त्यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड निघाला. त्यात चहात भिजवलेल्या मादलेन केकच्या चवीने आणि गंधाने निवेदकाचे विसरलेले बालपण जागे होते. ज्या संवेदनशीलतेने लेखकाला कोंडले, तीच त्याचे भांडवल ठरली.

५/ १९१९ मध्ये इमारत विकली गेली आणि ती खोली सुटली. नोव्हेंबर १९२२ मध्ये, ५१ व्या वर्षी प्रूस्त वारले. सात खंडांपैकी शेवटचे तीन त्यांना छापलेले पाहता आले नाहीत.