कोऱ्या नोटेची कुळकथा

हलवायाला पेढ्याचं अप्रूप नसतं, तसं आम्हां बँकवाल्यांना नोटांचं. पण जुन्या नोटा जमवणाऱ्यांची तऱ्हा न्यारी! नोट म्हणजे फिरण्यासाठी जन्मलेली वस्तू. यांना हवी असते ती कधीच न फिरलेली. घडी नको, हळदीचा डाग नको. अशा नोटेला ते सत्तरपैकी गुण देतात. जन्मभर एका जागी बसून राहिलं म्हणून जास्त गुण! ही पद्धत कचेरीत असती, तर आमच्या खात्यातले काहीजण केव्हाच बोर्डात आले असते.

आता थोडा इतिहास. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला. त्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत. टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून व्यापारी नोट सरळ मधोमध कापत. अर्धी आज पाठवायची. पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. अशा काळातली नोट अखंड सापडणं हेच नवल!

पुढे पहिल्या महायुद्धात रुपयाच्या नाण्यांना चांदी पुरेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची नोट निघाली. पंचवीस नोटांची पुस्तिका असे. चेकसारखी नोट फाडून द्यायची. पाठोपाठ १९१८ च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. होय, चक्क अडीच रुपयांची! १९२६ मध्ये दोन्ही बंद पडल्या. १९२८ पासून नोटा आपल्या नाशकात छापू लागले.

ही अडीच रुपयांची नोट कोरी मिळणं फार दुर्मिळ. कारण उघड आहे. त्या काळी अडीच रुपये नुसते ठेवून द्यायची ऐपत किती जणांची होती? भाजीवालीच्या कनवटीला गेलेली नोट संध्याकाळपर्यंत वाण्याकडे पोचायची. कोरी राहिली ती तिजोरीतली.

आणि तिजोरीतून वाचलेल्या पुढच्या काळच्या नोटा गाठल्या आमच्या जातभाईंनी! शंभर नोटांचं पुडकं केलं की ठोक पिन. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं. त्याआधीच्या कोऱ्या नोटांना म्हणून भोकं असतात. जमवणारे ती चालवून घेतात. आपल्याकडे बाळाचे कान टोचतातच ना, तसंच हे!

मळक्या नोटेला मात्र कोणी विचारत नाही. फिरून फिरून झिजली की ती रिझर्व्ह बँकेच्या यंत्रात जाते आणि तिचा भुगा होतो. तिने किती घरी मीठ-मिरची आणली, किती पोरांची फी भरली, याची नोंद कुठल्याच लेजरात नसते.

काउंटरवर तरी काय वेगळं? गिऱ्हाईक मळक्या नोटा पुढे सरकवतं आणि म्हणतं, "साहेब, जरा करकरीत द्या हो." त्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं, घरी लग्न असतं.