कॉव्हेंट्रीचे जहाज आणि दर्यावर्दींची कुटुंबे



कॉव्हेंट्रीहून कुठल्याही दिशेला गाडी काढली तरी समुद्र दिसायला दोनेक तास लागतात. शेजारचे मेरिडन गाव तर आपण इंग्लंडचा मध्यबिंदू असल्याचे अभिमानाने सांगते. अशा या गावाचा नौदलाशी काय संबंध, असा प्रश्न इथे नव्याने आलेल्या मंडळींना पडतो. आम्हालाही पडला होता. आमच्यापैकी बरेच जण मुंबई-कोकणातले. कुणाचा मामा नौदलात, कुणाचा चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत. म्हणून ही माहिती एका जागी आणली आहे. आधी शहर आणि त्याच्या नावाच्या जहाजांविषयी, मग समुद्रावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबांना इथे कोण मदत करते आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, याविषयी.

शहराच्या नावाची जहाजे

ब्रिटिश नौदलात शहरांची नावे जहाजांना देण्याची जुनी पद्धत आहे. एकदा नाव दिले की त्या शहराशी जहाजाचे नाते जुळते. महापौर जहाजावर जातात, खलाशी शहरात येतात, शाळांना भेटी देतात, स्थानिक संस्थांसाठी निधी गोळा करतात. वरवर पाहता हा निव्वळ समारंभाचा भाग वाटतो. कॉव्हेंट्रीच्या बाबतीत मात्र नावाची दोन जहाजे बुडाली, आणि त्यामुळे या नात्याला वेगळेच वजन आले.

पहिले जहाज म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली क्रूझर. दुसऱ्या महायुद्धात ती विमानविरोधी तोफा घेऊन भूमध्य समुद्रात होती. मे १९४१ मध्ये क्रीटच्या दक्षिणेला एका इस्पितळ-जहाजाच्या मदतीला जाताना तिच्यावर हल्ला झाला. तिच्यावरचा पेटी ऑफिसर आल्फ्रेड सेफ्टन जबर जखमी होऊनही आपली जागा सोडेना. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पदक कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलमध्ये ठेवले होते, आणि १९९० साली तिथून चोरीला गेले! क्रूझर स्वतः १४ सप्टेंबर १९४२ रोजी तोब्रुकवरच्या फसलेल्या मोहिमेत बुडाली.

दुसरी एचएमएस कॉव्हेंट्री ही १९७८ मध्ये नौदलात दाखल झालेली विनाशिका. कॅथेड्रलने तिला खिळ्यांचा क्रूस दिला होता. या क्रूसाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जुने कॅथेड्रल जळाले, तेव्हा छताच्या तुळयांमधले मध्ययुगीन लोखंडी खिळे ढिगाऱ्यात सापडले. त्यातले तीन जोडून क्रूस केला गेला. पुढे असे क्रूस समेटाची खूण म्हणून जर्मनीसह जगभर पाठवले गेले. युद्धनौकेवर समेटाची खूण ठेवणे आम्हाला थोडे विचित्र वाटते, पण इथल्या लोकांना त्यात विसंगती दिसत नाही.

२५ मे १९८२

फॉकलंड युद्धात ही विनाशिका ब्रॉडसवर्ड या फ्रिगेटबरोबर पेबल बेटाच्या उत्तरेला उभी होती. बेटावर सैन्य उतरत होते, आणि तिकडे जाणारी विमाने आपल्याकडे ओढून घेणे, वेळेवर इशारा देणे हे या दोघींचे काम. २५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या दुपारी स्कायहॉक विमानांनी अगदी पाण्यालगत येऊन तिच्यावर बॉम्ब टाकले. वीसेक मिनिटांत जहाज कलंडले. तीनशेच्या आसपास माणसांपैकी १९ जण दगावले. डोक्याला इजा झालेला आणखी एक जण पुढल्या वर्षी गेला. कॅप्टन डेव्हिड हार्ट डाइक भाजलेल्या अवस्थेत वाचले. (टीव्हीवरच्या मिरांडा हार्ट या त्यांच्या कन्या.) त्या १९ जणांमध्ये कपडे धुण्याचे काम करणारा हाँगकाँगचा एक चिनी माणूसही होता. आपल्यासारख्या परदेशी वस्ती केलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. आरमाराच्या इतिहासात अशी माणसे तळटिपेतच राहतात.

एक योगायोग असा की, सर बॅझिल स्पेन्स यांनी आराखडा केलेल्या नव्या कॅथेड्रलचे अर्पण २५ मे १९६२ रोजी झाले होते. म्हणजे त्या दिवशी कॅथेड्रलला बरोबर वीस वर्षे पूर्ण होत होती.

आमच्या मते या सगळ्या हकीकतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग जहाजावर नाही, घरात घडला. त्या रात्री संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी टेलिव्हिजनवर एक जहाज गंभीर संकटात असल्याचे सांगितले, पण नाव सांगितले नाही. नाव दुसऱ्या दिवशी जाहीर झाले. मोहिमेवर कितीतरी जहाजे, हजारो माणसे. त्यामुळे त्या एका रात्री ज्याचा कुणी तिकडे होता असे प्रत्येक घर जागे राहिले. नाव लपवण्यामागे लष्करी कारण होते, असे सरकारचे म्हणणे. पण त्यावर टीका झाली ती होऊन गेलेल्या नुकसानाबद्दल नव्हे, न कळण्याबद्दल. १९७१ च्या डिसेंबरात आयएनएस खुखरी दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तेव्हा मुंबईतल्या नौदलाच्या वसाहतींत काय झाले असेल याची कल्पना यावरून करता येते. तेव्हा ना मोबाईल होते, ना घरोघरी फोन.

कॉव्हेंट्रीचे वाचलेले खलाशी क्वीन एलिझाबेथ टू या प्रवासी जहाजाने ११ जून १९८२ रोजी साऊथॅम्प्टनला परतले. पुढे पाणबुड्यांनी सुमारे शंभर मीटर खोल अवशेषांतून गुप्त कागदपत्रे आणि यंत्रसामग्री काढली, तेव्हा तो खिळ्यांचा क्रूसही वर आणला. तो १९८८ मध्ये दाखल झालेल्या पुढच्या एचएमएस कॉव्हेंट्रीला मिळाला. ही फ्रिगेट २००३ साली रोमेनियाला विकली गेल्यावर नौदलात या नावाचे जहाज उरले नाही. शहराने मग एचएमएस डायमंडशी नाते जोडले, आणि २०११ मध्ये नौदलात आलेल्या त्या विनाशिकेकडे क्रूस गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर येणारे ड्रोन पाडणारी ती हीच डायमंड. त्या व्यापारी जहाजांवर आपली मुले मोठ्या संख्येने असतात, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक धागा जाता जाता. फॉकलंड मोहिमेचे ध्वजजहाज होते एचएमएस हर्मिस. तेच भारताने घेऊन १९८७ मध्ये आयएनएस विराट म्हणून दाखल केले आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त केले. विराटवर नोकरी केलेला एखादा काका आपल्यापैकी कुणाच्या तरी घरात नक्की सापडेल.

मदतीला कोण असते?

ब्रिटनमध्ये ही कामे बरीचशी सरकारबाहेर, स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. सुरुवातीला हे आमच्या ध्यानात येत नव्हते. आपल्याकडे सैनिक म्हटले की सैनिक कल्याण कार्यालय, पेन्शनचा टेबल, साहेबाची सही. इथे निवृत्त पोस्टमास्तर किंवा शिक्षिका आठवड्यातले दोन दिवस हे काम करते.

सॅफा ही त्यातली सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. मेजर जेम्स गिल्डिया यांनी १८८५ मध्ये, इजिप्तला निघालेल्या सैनिकांच्या बायकामुलांकडे कोण बघणार, असे वर्तमानपत्रात विचारले आणि त्यातून ती उभी राहिली. म्हणजे संस्थेची सुरुवातच सैनिकापासून नव्हे, त्याच्या घरापासून झाली. एक दिवस जरी सेवा केली असेल तरी ती व्यक्ती आणि तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय मदत मागू शकतात. स्वयंसेवक घरी येऊन परिस्थिती समजून घेतो आणि योग्य त्या निधीकडून पैसे, फर्निचर, व्हीलचेअर, कर्जाबाबत सल्ला असे जे लागेल ते मिळवून देतो. नौदलापुरते पाहायचे तर रॉयल नेव्हल बेनेव्होलंट ट्रस्ट १९२२ पासून खलाशांना आणि त्यांच्या कुटुंबांना आर्थिक मदत करतो. नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबांचे म्हणणे नौदलापर्यंत पोचवायला नेव्हल फॅमिलीज फेडरेशन आहे.

रॉयल नेव्हल असोसिएशनचे काम वेगळे. ती १९५० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या शाखा देशभर, समुद्रापासून लांबच्या गावांतही आहेत. माजी नौसैनिक ठरावीक दिवशी जमतात, गप्पा होतात, रम होते. वरकरणी क्लबच. पण कुणी दोन बैठकांना आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारावर कुणीतरी जाते. कुणी वारला तर निशाण घेऊन चार जण अंत्यविधीला उभे राहतात, घरचे कुणी नसले तरी. आम्हाला या सगळ्यांतले हे काम सर्वांत मोलाचे वाटते, आणि खर्चाचे तर अजिबात नाही.

मुलांसाठी सी कॅडेट्स आहेत. साधारण दहा वर्षांपासून अठरापर्यंतची मुले-मुली त्यात जातात. होडी वल्हवणे, शीड लावणे, गाठी मारणे, प्रथमोपचार शिकतात. पुढे नौदलात जाण्याची अट नसते. कॉव्हेंट्रीतही युनिट आहे. समुद्र नसला तरी कालवे आणि तलाव आहेतच.

हे आपल्याला नवीन नाही

अशा संस्था म्हणजे फक्त साहेबाची कल्पना, असे कुणी समजू नये. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी आपल्यापैकी जुन्या मुंबईकरांनी पाहिल्या असतील. गोव्यातल्या एकेका गावाची एकेक कूड. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला तिथे पथारी टाकायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, आणि कुणी गेला तर त्याच्या घरच्यांसाठी वर्गणी. रत्नागिरी, दापोली, खेडकडचे मुसलमान खलाशी पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या डेकवर पिढ्यान्‌पिढ्या होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदुस्थानी खलाशी काम करत होते. त्यांना लस्कर म्हणत. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच कमी.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्यांची नावे जपली आहेत. नुसत्या दुसऱ्या महायुद्धातले, अविभाजित हिंदुस्थानच्या नौदलातले आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून, साडेसहा हजारांच्या घरात आहेत. समुद्रात गेलेल्याला कबर नसते, म्हणून ही यादी. पुढच्या भारतवारीत फॅशन स्ट्रीट आणि सिद्धिविनायक यांच्यामध्ये एक तास काढून कुणी गेले तर आम्हाला जरूर कळवा.

आपल्या घरचे कुणी बोटीवर असेल तर

हा भाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण याबद्दलच आम्हाला सर्वांत जास्त विचारणा होते.

भाचा किंवा भाऊ असलेली बोट साऊथॅम्प्टन, फेलिक्सस्टो किंवा टिलबरीला लागणार असली की आपण डबा भरून निघतो. पण जुलै २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, त्यामुळे नातेवाईक म्हणून गेटमधून सहज आत जाता येत नाही. मोठ्या बंदरांत मिशन टू सीफेरर्स किंवा स्टेला मारिस यांची केंद्रे असतात. त्यांची व्हॅन बोटीपाशी जाऊन खलाशांना घेऊन येते. तिथे वायफाय, चहा, सिमकार्ड, गरम कपडे मिळतात. संस्था ख्रिस्ती आहेत, पण कुणालाही धर्म विचारत नाहीत. आधी केंद्राला फोन करून भेट तिथे ठरवणे सोयीचे. कंटेनरची बोट कधीकधी बारा तासांतच सुटते, तेव्हा तारखेवर नव्हे तर तासावर लक्ष ठेवावे.

अडचण असेल तर इस्वान या संस्थेची सीफेररहेल्प ही सेवा चोवीस तास, वर्षभर, विनाशुल्क चालते. हिंदीतही बोलता येते आणि घरच्यांनाही फोन करता येतो. पगार थकला, करार संपूनही उतरवत नाहीत, मुलगा फोनवर विचित्र बोलतो आहे, अशा कुठल्याही कारणासाठी. २०२० मध्ये कोविडमुळे जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते, तेव्हा अशा सेवांचा फार उपयोग झाला. मालकाने बोट वाऱ्यावर सोडून देण्याचे प्रकारही वाढले आहेत, आणि २०२४ मध्ये अशा सोडून दिलेल्या खलाशांत भारतीय सर्वांत जास्त होते. सागरी कामगार करारातल्या जानेवारी २०१७ पासूनच्या दुरुस्तीनुसार मालकाला विमा ठेवावा लागतो; त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च निघतो. भारत या करारात २०१५ पासून आहे. त्यामुळे नोकरीवर चढतानाच कराराची प्रत, विम्याच्या प्रमाणपत्राचा फोटो आणि बोटीचा आयएमओ नंबर घरी पाठवायला सांगावे. बोटीचे नाव आणि झेंडा बदलतो, हा सात आकडी नंबर बदलत नाही. आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांना ही प्रायमरी की म्हटली की लगेच कळते!

एक विनंती. रिमेम्ब्रन्स संडे नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असतो आणि आपला दिवाळीचा कार्यक्रम बरेचदा नेमका त्याच सुमारास येतो. वॉर मेमोरियल पार्कमधला विधी सकाळी असतो, ११ वाजता दोन मिनिटांची शांतता पाळतात. हॉल दुपारनंतरचा घेतला तर दोन्ही जमते. ज्यांना मुलांना घेऊन यायचे असेल त्यांनी नावे ऑक्टोबरअखेर मंडळाच्या कार्यकारिणीकडे द्यावीत, म्हणजे गाड्यांची सोय करता येईल. कोट आणि जाड मोजे विसरू नका, तिथे फार वेळ उभे राहावे लागते.