बाइट, आल्फ्रेड

(१५ फेब्रुवारी १८५३ – १६ जुलै १९०६). जर्मन वंशाचा ब्रिटिश हिरेव्यापारी व दक्षिण आफ्रिकेतील खाणउद्योगाचा अर्थपुरवठादार. जन्म हँबर्ग येथे. ॲम्स्टरडॅममध्ये कच्च्या हिऱ्यांची पारख शिकल्यावर १८७५ मध्ये तो लिपर्ट या पेढीतर्फे दक्षिण आफ्रिकेत गेला. केप वसाहतीतील हिरे हलक्या प्रतीचे, असा समज तेव्हा रूढ असल्याने किंबर्लीत चांगला मालही युरोपातील भावापेक्षा पुष्कळ स्वस्त विकला जाई. ही तफावत हेरून बाइटने वडिलांकडून २,००० पौंड कर्जाऊ घेतले आणि स्वतंत्र व्यापार मांडला. त्याची पहिली मोठी मिळकत मात्र हिऱ्यांची नसून भाड्याची होती : जागा विकत घेऊन त्याने तीवर पन्हाळी पत्र्याची कार्यालये उभारली व त्यांपैकी बारांचे भाडे पुढे दरमहा १,८०० पौंडांवर गेले, असे सांगतात.

किंबर्लीची खाण सुमारे ३१ फूट लांबीरुंदीच्या ‘क्लेम’ नावाच्या चौकोनी तुकड्यांत वाटलेली असल्याने खोदाई खोल गेली तशी कडा ढासळू लागल्या, पाणी साचू लागले आणि धनीधन्यांतील चढाओढीने हिऱ्यांचे भाव पडू लागले. खाणींचे एकत्रीकरण हाच त्यावर उपाय होता. सेसिल ऱ्होड्सने तो हाती घेतला, तरी त्यामागील पैशाची जुळवाजुळव मुख्यतः बाइटची होती. १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स स्थापन झाली व ऱ्होड्स, बार्नी बार्नाटो यांच्याबरोबर बाइट तिचा आजीव संचालक झाला. किंबर्ली सेंट्रल कंपनीच्या काही भागधारकांनी विलीनीकरणाला न्यायालयात यशस्वी हरकत घेतल्यामुळे ती कंपनी अवसायनात, म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, काढावी लागली आणि तिच्या मालमत्तेपोटी डी बिअर्सने १८८९ मध्ये ५३,३८,६५० पौंडांचा एकच धनादेश दिला.

विटवॉटर्झरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडल्यावर बाइट तिकडे वळला. सुवर्णयुक्त थर तिरपा खाली उतरत असल्याने उघड्या थरापासून दूरची, वरवर निरुपयोगी जमीन घेऊन तीत खोल कूपक (उभे बोगदे) खणणे फायदेशीर ठरेल, हे ओळखणाऱ्यांना त्याच्या वेर्नर, बाइट आणि कंपनी या लंडनच्या पेढीने भांडवल पुरविले. रँड माइन्स (१८९३) ही त्याचीच परिणती. जेमसनच्या ट्रान्सव्हालवरील फसलेल्या स्वारीशी (१८९५-९६) असलेल्या संबंधामुळे ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचे संचालकपद त्याला सोडावे लागले.



तो अविवाहित होता. ऑक्सफर्डमधील वसाहत-इतिहासाचे अध्यासन त्याच्या देणगीतून १९०५ मध्ये सुरू झाले. आफ्रिकेतील रेल्वे व दळणवळणासाठी त्याने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या १२ लाख पौंडांच्या निधीतून लिंपोपो नदीवरील बाइट पूल १९२९ मध्ये पुरा झाला.