यंत्राबरोबर येणारी गृहीतके : युरोपीय दूरसंचार आणि भारताचा अनुभव

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अमौसी विमानतळाजवळ सरोजिनी नगर आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. मिलानच्या इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटा स्कूटरचे उत्पादन थांबवल्यानंतर तेथील यंत्रसामग्री, आराखडे आणि नाममुद्रेचे हक्क भारताने विकत घेतले होते. १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि देशात ती स्कूटर ‘विजय सुपर’ या नावाने विकली गेली. पुढे कारखान्याची ओळख ठरली ती मात्र ‘विक्रम’ ही तीनचाकी. उत्तर भारतातील अनेक शहरांत ती सामायिक प्रवासाचे वाहन बनली आणि मूळ रचनेत गृहीत धरलेल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रवासी वाहू लागली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

वाहनावर जादा भार पडला तर तो डोळ्यांना दिसतो. त्याच काळात, त्याच उत्तर प्रदेशात युरोपातून आणखी एक तंत्रज्ञान येत होते आणि त्यावर पडणारा जादा भार सहजी दिसणारा नव्हता. ते तंत्रज्ञान म्हणजे दूरध्वनी केंद्र.

इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, अर्थात आयटीआय, १९४८ साली बंगळूर येथे सुरू झाली. तिची पहिली स्ट्रोजर पद्धतीची केंद्रे लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने बनली. १९६०च्या दशकात बेल्जियममधील अँटवर्पच्या कंपनीकडून ‘पेंटाकॉन्टा’ ही क्रॉसबार पद्धत घेण्यात आली. पुढे आयटीआयचे कारखाने नैनी, रायबरेली आणि मनकापूर या उत्तर प्रदेशातील ठिकाणी उभे राहिले. पेंटाकॉन्टा युरोपात समाधानकारक चालत होती. भारतीय शहरांत मात्र ती वारंवार कोलमडू लागली. यंत्रे तीच होती. मग बिघडले काय?

याचे उत्तर डेन्मार्कच्या एका गणितज्ञाकडे मिळते. आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) हे कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करत. १९०९ आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी दूरध्वनीच्या गर्दीचे गणित मांडले. एका केंद्रावरचे सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत. म्हणून हजार ग्राहकांसाठी हजार मार्ग उभारण्याची गरज नसते. किती मार्ग पुरतील हे संभाव्यतेच्या साहाय्याने काढता येते. गर्दीच्या या मापालाच पुढे ‘एर्लांग’ असे नाव मिळाले. एक मार्ग तासभर अखंड व्यापलेला असेल तर तो भार एक एर्लांग.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. एका केंद्रावर १००० ग्राहक आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येक जण सरासरी ३ मिनिटे बोलतो. एकूण भार ५० एर्लांग होतो. एर्लांगच्या सूत्रानुसार सुमारे ६४ मार्ग ठेवले तर शंभरातील जेमतेम एका प्रयत्नाला मार्ग मिळत नाही. आता प्रत्येक दूरध्वनी ३ ऐवजी ९ मिनिटे वापरला जाऊ लागला, तर भार १५० एर्लांग होतो. मार्ग मात्र ६४च आहेत. त्यांवरून एका वेळी ६४ पेक्षा अधिक संभाषणे होऊच शकत नाहीत. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रयत्न वाया जाणार. त्यातच ज्याला मार्ग मिळत नाही तो पुन्हा पुन्हा क्रमांक फिरवतो आणि केंद्रावरचा भार आणखी वाढवतो.

भारतात नेमके असेच घडत होते. युरोपात दूरध्वनी घरोघरी असे, त्यामुळे एका तारेवर दिवसाकाठी थोडीच संभाषणे होत. भारतात दूरध्वनी दुर्मीळ होता. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या एका दूरध्वनीवर सारा शेजार अवलंबून असे. दुकानातला दूरध्वनी गल्लीचा असे. तारा कमी होत्या, पण प्रत्येक तारेवरची गर्दी अफाट होती. केंद्राच्या रचनेत युरोपीय घराचे गृहीतक मुरलेले होते आणि विकत घेतलेल्या आराखड्यात ते ठळक अक्षरांत कुठेही लिहिलेले नव्हते. अखेरीस भारतीय अभियंत्यांना या पद्धतीत मूलभूत फेरफार करून भारतीय गर्दी पेलणारी क्रॉसबार रचना विकसित करावी लागली.

१९८०च्या दशकात पुढचे पाऊल पडले. फ्रान्सने १९७० मध्ये ब्रिटनी प्रांतातील पेरॉस-गिरेक येथे ई-१० हे अंकीय केंद्र सुरू केले होते. हे जगातील पहिल्या अंकीय दूरध्वनी केंद्रांपैकी एक. त्याची सुधारित आवृत्ती, ई-१०-बी, भारताने सीआयटी-अल्काटेल या फ्रेंच कंपनीकडून घेतली आणि गोंडा जिल्ह्यातील मनकापूर येथे आयटीआयचा कारखाना उभा राहिला. मोठ्या शहरांसाठी हे तंत्रज्ञान मोलाचे ठरले. मात्र ते वातानुकूलित खोलीत, हजारो तारांच्या केंद्रासाठी घडवलेले होते. ज्या गावात वीज दिवसातून अनेकदा जाते आणि दूरध्वनी मागणारे पन्नास-शंभरच आहेत, तेथे त्याचा उपयोग नव्हता.

ही पोकळी भरण्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे, पण तिच्या तांत्रिक पायात मुंबईचाही वाटा मोठा होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकीय केंद्रावर आधीच काम झाले होते आणि तेथील एम. व्ही. पिटके सी-डॉटच्या उभारणीत अग्रभागी होते. उद्दिष्ट ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये असे ठरले. मोठे शहरी केंद्र त्या मुदतीत पूर्ण झाले नाही आणि त्यावरून टीकाही झाली. परंतु जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे १२८ तारांचे ग्रामीण केंद्र, ‘रॅक्स’, सुरू झाले. त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती, धूळ आणि उष्णता ते सहन करी आणि प्रत्येक तारेवरची भारतीय गर्दी हेच त्याच्या रचनेचे मूळ गृहीतक होते. पुढे गावोगाव पसरलेल्या सार्वजनिक दूरध्वनी कक्षांमागे अशा केंद्रांचे बळ होते.

दरम्यान खुद्द युरोप एका वेगळ्या अडचणीत सापडला होता. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे भ्रमणध्वनीच्या अनेक पद्धती होत्या. उत्तरेकडील देशांची एक, जर्मनीची दुसरी, ब्रिटनची तिसरी, फ्रान्सची चौथी. सीमा ओलांडली की यंत्र निरुपयोगी ठरे. यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये एक समिती नेमली गेली आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी १३ देशांच्या प्रतिनिधींनी कोपनहेगन येथे एका समान मानकाच्या करारावर सह्या केल्या. तेच जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये त्यावरून पहिले औपचारिक संभाषण झाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला आणि भारतात भ्रमणध्वनी अवतरला. मानक एकच असल्याने यंत्रे प्रचंड संख्येने बनली, स्वस्त झाली आणि भारतातील सामान्य माणसापर्यंत पोहोचली. युरोपने जगाला दिलेली ही मोठी देणगी होय.

पण गृहीतके याही मानकात होती. लघुसंदेशाचेच उदाहरण घ्यावे. जीएसएमच्या संकेत-मार्गिकेत एका संदेशासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा होती. रोमन वर्णमालेसाठी प्रत्येक चिन्हाला ७ बिट पुरतात. म्हणून मर्यादा १६० चिन्हांची ठरली. इतर बहुतेक लिप्यांसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागणारी पद्धत ठेवली गेली; तेथे मर्यादा ७० चिन्हांवर आली. ‘सरोजिनी नगर’ हे नाव रोमन लिपीत मधल्या रिकाम्या जागेसह १४ चिन्हांचे होते आणि ९८ बिटांत मावते. देवनागरीत मात्रा धरून ते ११ चिन्हांचे आहे, म्हणजे लिहायला आटोपशीर. पण त्याला १७६ बिट लागतात. जोडाक्षरांतील हलन्त चिन्हही वेगळे मोजले जाते, हे वेगळेच.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय लिप्यांसाठी आटोपशीर सांकेतिक पद्धत तेव्हा अस्तित्वात होती. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये रुजले होते आणि ‘इस्की’ ही ८ बिटांची संहिता १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली होती. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर आधारली आहे. ८ बिटांच्या हिशेबाने मराठी संदेश १४० चिन्हांचा झाला असता. परंतु जीएसएमची चिन्हसारणी ठरली ती युरोपीय भाषांपुरता विचार करून. हिंदीसह काही भारतीय भाषांसाठी खास सारण्या मानकात आल्या, त्या फार उशिरा. तोवर एक संपूर्ण पिढी आपली मराठी रोमन अक्षरांत लिहिण्यास सरावली होती. त्यामागे कीफलकांची गैरसोय होती, तसाच हा बिटांचा हिशेबही होता.

युरोपीय उद्योग हे सारे शिकला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फिनलंडच्या नोकियाने २००३ मध्ये आणलेला ‘११००’ हा भ्रमणध्वनी विकसनशील देशांचे जगणे डोळ्यांपुढे ठेवून घडवला होता. धूळ आत जाऊ न देणारा कीफलक, हातातून न निसटणारे आवरण आणि वीज गेल्यावर उपयोगी पडणारी विजेरी ही त्याची वैशिष्ट्ये. २५ कोटींहून अधिक नग विकले गेलेले हे यंत्र जगातील सर्वाधिक खपाच्या भ्रमणध्वनींपैकी एक ठरले. पण स्पर्शपटलाचे आणि संगणकीय प्रणालींचे युग आले तेव्हा हीच कंपनी मागे पडली आणि २०१४ मध्ये तिचा भ्रमणध्वनी व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. ग्राहकाच्या हातातील यंत्र आणि त्यावरील प्रणाली यांवरची युरोपची पकड सुटली. जाळ्यांची उपकरणे आणि मानके या क्षेत्रांत मात्र त्याचे स्थान आजही भक्कम आहे. चिप-निर्मितीत मागे पडल्याची जाणीव झाल्याने युरोपीय संघाने २०२३ मध्ये चिप कायदा लागू केला. तंत्रज्ञान विकत घ्यावे की घडवावे, हा एकेकाळचा भारताचा प्रश्न आता युरोपही स्वतःला विचारत आहे.

भारताने या प्रवासातून काय साधले, याचे उत्तर एका आकड्यात सापडते. पाचव्या पिढीच्या जाळ्यांची कसोटी कशी घ्यावी हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवत असताना ‘ग्रामीण’ या शब्दाचा अर्थ होता १७३२ मीटर अंतरावरचे मनोरे आणि ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी वाहने. हे चित्र महामार्गालगतच्या युरोपीय गावाचे आहे. आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि तेथील सेवित संस्थेच्या संशोधकांनी भारतीय मानक संस्था टीएसडीएसआयमार्फत दुसरे चित्र मांडले. भारतीय खेड्यात मनोरा ग्रामपंचायतीच्या गावी उभा राहतो, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या त्याच्याकडे पाहतात आणि माणसे पायी किंवा संथ वाहनांतून फिरतात. म्हणून मनोऱ्यांमधील अंतर ६००० मीटर धरावे. २०१७ मध्ये ही अट संघाच्या मूल्यमापनात समाविष्ट झाली. अंतर सुमारे साडेतीनपट झाले की एका मनोऱ्याच्या वाट्याचे क्षेत्र बारापट होते. तेवढ्याच प्रदेशाला मनोरे बाराव्या हिश्श्याने लागतात. जेथे ग्राहकाकडून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असते, तेथे जाळे पोहोचणार की नाही हे या बाराच्या पटीवर ठरते.

या गरजेसाठी भारताने ‘५जी-आय’ हे स्वतःचे मानकही मांडले आणि संघाने त्याला मान्यता दिली. मग वाद उभा राहिला. वेगळे मानक ठेवावे, तर उपकरणे महाग होतात. जागतिक मानकात मिसळावे, तर आपली गरज हरवण्याची भीती. अखेर भारतीय रचनेतील महत्त्वाचे भाग जागतिक मानकाच्या पुढील आवृत्तीत सामावले गेले आणि स्वतंत्र वाट सोडून देण्यात आली. युरोपला १९८७ मध्ये उमगलेले समान मानकाचे महत्त्व आणि कित्तूरच्या केंद्राने शिकवलेले स्थानिक गृहीतकांचे महत्त्व, असे दोन्ही धडे या तडजोडीत एकत्र आले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याचा गाभा सी-डॉटचा आहे आणि ते जागतिक मानकानुसारच चालते.

सहाव्या पिढीची आंतरराष्ट्रीय चौकट २०२३ मध्ये स्वीकारली गेली असून तिच्या कसोट्या आता आकार घेत आहेत. त्या कसोट्यांच्या बैठका कंटाळवाण्या असतात. त्यांत सारण्या, संक्षेप आणि दशांश स्थळांवरचे वाद चालतात. पण तेथे मतापेक्षा मोजमाप चालते. सह्याद्रीच्या दऱ्यांत संकेत किती क्षीण होतो, गडचिरोलीच्या जंगलात मनोऱ्याची बॅटरी किती तास टिकते, एका भ्रमणध्वनीवर घरातील किती जण शिकतात, हे ज्याने मोजले आहे त्यालाच तेथे आपला आकडा मांडता येतो. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्राच्या आजच्या विद्यार्थ्यांसाठी हे काम खुले आहे, आणि त्याची मुदत फार दूर नाही.

#विज्ञानाचा_इतिहास #दूरसंचार #मानके